अभिप्रायाची वही

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या पुतण्याचे एक हंगामी उपाहारगृह आहे. आषाढात पाऊस स्थिरावला की ते उघडते आणि पठारावरची फुले सरली की दिवाळीपूर्वी त्याला कुलूप लागते. पत्र्याचे छप्पर, वाऱ्याच्या बाजूला बांधलेली ताडपत्री, बारा टेबले आणि मागे स्वयंपाकाची खोली, एवढाच त्याचा पसारा. वर्षाचे उरलेले आठ महिने तेथे कोणी फिरकत नाही. जे काही मिळवायचे ते या चार महिन्यांत, आणि त्यातही शनिवार-रविवारी.

आपल्या चातुर्मासाचे आणि या हंगामाचे महिने जवळजवळ एकच आहेत, हे मी प्रथम तेथे जाऊन बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आले. ज्या महिन्यांत साधु-साध्वी विहार थांबवून एका जागी स्थिर होतात, त्याच महिन्यांत आपण श्रावक मंडळी गाड्या काढून घाटाच्या दिशेने निघतो. ज्या महिन्यांत कोणी विगय सोडतो, कोणी आयंबिल करतो, त्याच महिन्यांत पावसाच्या धारा पाहून इतरांची जीभ तळलेल्या पदार्थासाठी अधीर होते. सहा विगयांत दूध, दही, तूप, तेल आणि गूळ-साखर यांच्या जोडीला तळलेल्या पदार्थालाही स्वतंत्र स्थान दिले आहे. पूर्वाचार्यांना माणसाच्या जिभेची किती अचूक पारख होती, हे पावसाळ्यात भज्यांच्या कढईशेजारी उभे राहिल्यावर पटते.

आमचे घराणे मूळचे किराणा आणि तेलाच्या व्यापारातले. पेठेतील दुकानात मी चाळीस वर्षे बसलो. आता ते दुकान मुलगा पाहतो. तीन वर्षांपूर्वी पुतण्या म्हणाला, "काका, शनिवार-रविवारी गल्ल्यावर घरचे माणूस हवे. तुम्ही नुसते बसा, बाकीचे मी पाहीन." नुसते बसणे मला कधी जमले नाही, पण मी होकार दिला. गल्ल्यावर माझ्या उजव्या हाताला एक लांबट वही ठेवलेली असे. तिच्या पुठ्ठ्यावर पुतण्याने ठळक अक्षरांत 'अभिप्राय' असे लिहिले होते. आज मी लिहीत आहे ते त्या वहीविषयी.

व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचे मत नवे नसते. दुकानात तेलाचा डबा परत आणून "या वेळी वास वेगळा येतो" असे सांगणारी गिऱ्हाइके मी पुष्कळ पाहिली. परंतु धान्याविषयी आणि तेलाविषयी बोलणारा माणूस मोजून बोलतो. भज्यांविषयी बोलताना तो मोकळा होतो. एकाच दुपारी, एकाच घाण्यातून निघालेल्या भज्यांविषयी पहिल्या टेबलावरचा गृहस्थ लिहून जाई, "फार तेलकट", आणि चौथ्या टेबलावरचा लिही, "कोरडी वाटली, थोडी खुसखुशीत हवी होती." कोणाला मिरची झणझणीत लागे, कोणाला मिळमिळीत. एका शाळकरी मुलीने लिहिले होते, "भजी छान, पण खिडकीतून धबधबा दिसत नाही." त्या रस्त्यावर आमच्या खिडकीतून धबधबा दिसावा अशी व्यवस्था निसर्गानेच केलेली नाही, त्याला आम्ही काय करणार?

सुरुवातीला मला वाटले, या वहीत अर्थ नाही. जितकी माणसे तितक्या जिभा. पुढे आचाऱ्याशी बोलता बोलता आणि कढईकडे पाहता पाहता उमगले की बहुतेक मतांमागे काही ना काही खरे कारण असते. फक्त लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते. तळणीचे तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असावे लागते. गर्दीच्या वेळी आचारी एका घाण्यात दुप्पट भजी सोडतो. ओल्या पिठाने तेल एकदम थंडावते, भजी अधिक वेळ तेलात राहते आणि तेल पिते. म्हणून दुपारी दीडचा गृहस्थ "तेलकट" म्हणतो आणि साडेतीनचा "कोरडी" म्हणतो. सोडा थोडा अधिक पडला तरी तेच. शिवाय पुष्कळसे तेल कढईत असताना नव्हे, तर पदार्थ बाहेर काढल्यावर निवताना आत ओढले जाते. म्हणून भजी लगेच जाळीवर निथळली तर बराच फरक पडतो. आचाऱ्याने जाळी बदलली आणि पुढच्या आठवड्यात "तेलकट" हा शेरा निम्म्यावर आला. तेव्हापासून मी वही रोज रात्री वाचू लागलो.

याच वाचनात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला काही सुखद वाटली नाही. सकाळी नव्या तेलातून निघालेल्या पहिल्या घाण्याला कोणी फारसे नावाजत नसे. "रंग फिका", "चव लागत नाही", असे शेरे सकाळचेच असत. स्तुती होई ती दुपारच्या भज्यांची. तेल एकदा-दोनदा तापले की त्यात तळलेल्या पदार्थाला रंग चांगला चढतो आणि खमंगपणाही येतो, हे आचाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. त्याच्याही पुढे तापवत राहिले की तेल काळवंडते, घट्ट होते, त्याला फेस येतो आणि ते लवकर धूर सोडू लागते. ते पोटात जाऊ नये म्हणूनच १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात नियम लागू झाला की तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल वापरता कामा नये. परंतु 'चांगले' आणि 'आवडलेले' यांच्यामध्ये थोडे अंतर असते आणि त्या अंतरात व्यापाऱ्याची परीक्षा होते. गिऱ्हाइकाने वाहवा केली म्हणजे माल निर्दोष आहे, असे मानण्याचा मोह आपणा सर्वांना होतो.

आपल्या समाजाची कुटुंबे तेथे पुष्कळ येतात. सातारा, कराड, फलटण, बारामती, पुणे येथून येणाऱ्या गाड्यांतून उतरणारी मंडळी पाटी वाचण्याआधी प्रश्न विचारतात. कांदा, लसूण, बटाटा नाही ना, हा पहिला प्रश्न. त्यानंतर ज्याचा जसा नियम तसा त्याचा प्रश्न. चातुर्मासात पालेभाजी सोडलेले लोक पालकाची आणि ओव्याच्या पानांची भजी बाजूला सारून कच्च्या केळ्याची किंवा मिरचीची मागतात. कोणी चटणीत दही आहे का ते विचारतो. कारण बेसनासारख्या द्विदल धान्याबरोबर कच्चे दही त्याला चालत नाही. चौविहार करणारे घड्याळ पाहून बसतात आणि ढगांमुळे सूर्य दिसत नसला तरी सूर्यास्ताची वेळ त्यांच्या खिशातील पत्रकात असते. आणि सर्वांत शेवटी, बहुधा घरातील ज्येष्ठ बाईंकडून, एक प्रश्न येतो: "कढई वेगळी आहे का?"

आमच्याकडे कढई वेगळी होती. कांदाभज्यांसाठी मोठ्या शेगडीवर मोठी कढई, आणि कोपऱ्यातल्या लहान शेगडीवर जैन भज्यांसाठी लहान कढई. झारेही वेगळे. पुतण्याने ही व्यवस्था मनापासून केली होती. त्यामुळे या प्रश्नाला "हो" असे उत्तर देण्याची मला सवय झाली होती. सवयीने दिलेले उत्तर नेहमी तपासून दिलेले असते असे नाही.

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या होत्या. वीस जणांच्या एका कुटुंबाने आदल्या दिवशी फोनवर नोंद केली होती. ते बाराच्या सुमारास आले. त्यांच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी, पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली. नातवंडे टेबलाकडे धावली, त्या मात्र सरळ गल्ल्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आपल्यातलेच दिसता. खरे सांगा, जैन भज्यांची कढई वेगळी आहे ना?"

मी म्हणालो, "हो ताई, अगदी वेगळी. निश्चिंत बसा."

त्या बसल्या. केळ्याची आणि मुगाची भजी त्यांनी खाल्ली, नातवंडांना स्वतःच्या हाताने भरवली. जाताना त्यांनी वही मागून घेतली आणि थरथरत्या, परंतु वळणदार अक्षरांत लिहिले की जैनांच्या नियमांची इतकी काळजी घेणारे हॉटेल त्यांनी प्रथमच पाहिले, आजची भजी फार खमंग होती आणि मालकांचे कल्याण असो. पुतण्याने ते वाचले आणि त्याचा चेहरा उजळला.

त्या संध्याकाळी तेल गाळताना मी मागे गेलो. रोज दोन पातेल्यांत दोन कढयांचे तेल निवत ठेवलेले असे. त्या दिवशी पातेले एकच होते. मी आचाऱ्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "काका, लहान शेगडीचा सिलिंडर साडेअकरालाच संपला. दुसरा वरून यायचा होता, तो गाडी अडकल्यामुळे आला नाही. गर्दी एवढी होती, विचारायला तरी कोणाला जाऊ? केळ्याची भजी मोठ्या कढईतच तळली. कांद्याचा घाणा काढून, तेल गाळून मगच तळली."

तो खोटे बोलला नाही. त्याच्या दृष्टीने त्याने जमेल तेवढी काळजीही घेतली होती. दोष द्यायचाच तर तो त्याला देऊन मी मोकळा झालो असतो. पण त्याच क्षणी मला एक गोष्ट आठवली. बाराच्या आधी सुट्या पैशांसाठी मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो होतो. कोपऱ्यातली शेगडी विझलेली मला दिसली होती. ती का विझली हे मी विचारले नाही. नुसता दृष्टिक्षेप टाकून बाहेर आलो आणि गल्ल्यावर बसलो. आता वाटते, मी विचारले नाही ते विसरल्यामुळे नव्हे. विचारले असते तर पुढच्या वीस जणांना "नाही" म्हणावे लागले असते.

आपण प्रतिक्रमणात श्रावकाच्या बारा व्रतांच्या अतिचारांची आलोचना करतो. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे वापरणे येते आणि चांगल्या मालात हलका मिसळून तो चांगला म्हणून विकणेही येते. तेलाच्या व्यापाऱ्याच्या मुलाला या अतिचाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्यामुळे अनेक माणसे दगावली. त्या दिवसांत आमच्या पेठेतही गिऱ्हाइके प्रत्येक डब्याकडे संशयाने पाहत. आमच्या दुकानात मोहरीचे तेल नव्हतेच. तरीही वडील प्रत्येकाला डबा उघडून दाखवत, वास घ्यायला लावत. मी त्यांना म्हणालो होतो, "बाबा, आपण काही केलेले नाही, मग एवढे कशाला?" ते म्हणाले होते, "गिऱ्हाईक डब्यात डोके घालून पाहू शकत नाही. त्याच्या वतीने आपणच पाहायचे असते." ज्या वडिलांनी डब्यात डोकावून पाहायला शिकवले, त्यांच्या मुलाने विझलेली शेगडी पाहून नजर फिरवली होती.

हे सारे कळूनही मी सहा दिवस गप्प राहिलो, हे लिहायला मला संकोच वाटतो. पण ते लिहिले नाही तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही. मी मनाला समजावले की दुसरा सिलिंडर आता कायम भरून ठेवला आहे, चूक पुन्हा होणार नाही, मग झाले गेले उकरून काय साधणार? शनिवारी पुन्हा गल्ल्यावर बसलो. दुपारी पुण्याचे एक कुटुंब आले. त्यांनी कढईचा प्रश्न वाढणाऱ्या मुलाला विचारला. त्या मुलाने मोठ्या उत्साहाने माझ्यापुढची वही उचलली, तेच पान उघडले आणि त्यांच्यासमोर धरले. "हे वाचा. मागच्या रविवारी एका आजींनी लिहिले आहे." त्यांनी वाचले, समाधानाने माना डोलावल्या आणि चार प्लेटी मागवल्या.

त्या दिवशी लहान शेगडी पेटलेली होती. त्यांना जे मिळाले ते शुद्ध होते. पण त्यांनी विश्वास ठेवला तो शेगडीवर नव्हे, त्या पानावर. आणि ते पान खोटे होते. लिहिणाऱ्या बाईंनी खरे लिहिले होते. खोटे माझे होते, ते त्यांच्या अक्षरांत उतरले होते.

रात्री घाट उतरताना गाडीत मी पुतण्याला सांगितले, "उद्या सकाळी मी त्या बाईंना फोन करणार आहे."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, तुम्हाला राग येईल, पण मला बोलू द्या. त्या आजींनी अजाणता खाल्ले. त्यांच्या मनात तसा भाव नव्हता, म्हणून त्यांना दोष नाही, हे तुम्हीच आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. आता तुम्ही फोन करून सांगितलेत की या वयात त्यांच्या जिवाला टोचणी लागेल. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याचे जड करायचे, ही कोणती अहिंसा? आणि त्या मंडळींचा गोतावळा मोठा आहे. चार ठिकाणी बोलले जाईल. हंगाम अजून अर्धा बाकी आहे, जागेचे भाडे पूर्ण वर्षाचे भरले आहे."

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. भाड्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी पहिल्या मुद्द्याचे उत्तर माझ्याजवळ लगेच नव्हते. माझे मन हलके करण्यासाठी मी फोन करत होतो का? काही अंशी होय. रात्री झोप लागली नाही तेव्हा मी स्वतःला विचारले की ही गोष्ट उलट घडली असती तर? माझ्या आईने कोणा गल्ल्यावरच्या माणसाच्या शब्दावर विसंबून असे काही खाल्ले असते आणि त्या माणसाला ते ठाऊक असते, तर मला काय आवडले असते? मला राग आला असता, हे नक्की. पण तिला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दुकानात, त्याच भरवशावर जाऊ देणे मला त्याहून वाईट वाटले असते. नियम तिचा आहे. तो मोडला की नाही, मोडला तर त्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच. तो अधिकार दयेच्या नावाखाली मी स्वतःकडे ठेवून घेत होतो.

सकाळी नोंदवहीतला क्रमांक काढून फोन केला. उचलला तो त्यांच्या मुलाने. मी कोण, कुठून बोलतो आणि काय घडले ते सांगितले. तो संतापला. "आम्ही विचारून खात होतो. तुम्ही आपल्यातले म्हणून विश्वास ठेवला," असे तो म्हणाला. याला उत्तर नसते. मी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणालो की आईंना स्वतः सांगावे अशी इच्छा आहे.

त्या फोनवर आल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. विझलेली शेगडी पाहिल्याचेही सांगितले. ते मुलाला सांगितले नव्हते. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, माझे व्रत मी पाहून घेईन. महाराजसाहेब इथेच आहेत, त्यांना विचारीन. पण तुम्ही सांगितलेत ते बरे केलेत. मी तिघींना तुमच्या हॉटेलचे नाव सांगून बसले आहे. आता त्यांना काय सांगायचे ते मला ठरवता येईल." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आणि त्या वहीत मी जे लिहिले आहे ते खोडा. फाडू नका, खोडा."

मी त्यांच्या ओळींवर एक रेघ मारली. खाली लिहिले: 'या दिवशी जैन भजी वेगळ्या कढईत तळलेली नव्हती. गल्ल्यावरून चुकीची माहिती दिली गेली. अभिप्राय लिहिणाऱ्या ताईंच्या सांगण्यावरून ही नोंद रद्द केली आहे.' खाली सही केली आणि तारीख घातली.

परिणाम व्हायचा तो झाला. पुढच्या पंधरा दिवसांत दोन मोठ्या कुटुंबांनी केलेल्या नोंदी रद्द झाल्या. त्या याच कारणाने झाल्या की पावसामुळे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. पुतण्या माझ्याशी कामापुरते बोलत होता. माझ्या भावजयीने मला जेवायला वाढताना एकदाच म्हटले, "भाऊजी, पोराने कर्ज काढून उभे केले आहे हो." ते वाक्य त्या फोनवरच्या संतापापेक्षा अधिक लागले. सत्य बोलण्याचा खर्च बहुधा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, हे मला माझ्या चाळीस वर्षांच्या व्यापारात इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते. त्या महिन्यात गल्ल्यावरच्या माझ्या बसण्याचा जो काही मोबदला तो मला देत असे, तो मी घेतला नाही. त्याने तो दोनदा पुढे केला आणि तिसऱ्यांदा केला नाही.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणानंतर तो घरी आला. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाला. मीही म्हणालो. मी त्याला न विचारता फोन केला, त्याच्या नुकसानीत भर घातली आणि मुख्य म्हणजे पहिल्या रविवारीच त्याला खरे सांगितले नाही, याबद्दल मी त्याची वेगळी क्षमा मागितली. तो म्हणाला, "काका, मी एक पाटी करायचे म्हणतो."

ती पाटी आज त्या उपाहारगृहाच्या दारात आहे. तिच्यावर लिहिले आहे की येथे कांद्याचे पदार्थही तळले जातात. जैन भजी वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कढईत होतात. स्वयंपाकाची खोली ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. आणि शनिवार-रविवारी गर्दीत याची खात्री देता येत नसल्यामुळे त्या दोन दिवशी जैन भजी मिळणार नाही. शेवटची ओळ त्याची स्वतःची. मी त्याला म्हणालो होतो, "अरे, आपली माणसे येतात तीच मुळी त्या दोन दिवशी." तो म्हणाला, "म्हणूनच. ज्या दिवशी मला स्वतः मागे उभे राहून पाहता येत नाही, त्या दिवशी 'हो' कसे म्हणू?" हे मला सुचायला हवे होते, सुचले ते त्याला.

या वर्षीच्या वहीत त्या पाटीविषयी भज्यांहून अधिक शेरे आहेत. कोणी लिहिले आहे, "असे खरे सांगणारे पाहिले नाहीत." कोणी लिहिले आहे, "शंभर मैलांवरून आलो आणि नुसता चहा पिऊन जावे लागले. ही काय पद्धत?" एकाने गमतीने लिहिले आहे की धंदा करायचा नसेल तर हॉटेल कशाला काढले. एका गृहस्थाने आत येऊन स्वयंपाकाची खोली पाहिली, लहान कढईची कड बोटाने पुसून पाहिली आणि काही न खाता निघून गेला. तो जाताना रागावलेला नव्हता. रविवारची विक्री कमी झाली आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांची थोडी वाढली आहे. दोहोंची बेरीज मागच्या वर्षाइतकी भरलेली नाही. पुढच्या वर्षी भरेल की नाही ते पाऊस आणि लोक मिळून ठरवतील.

जुनी वही मी घरी आणून ठेवली आहे. ते पान अधूनमधून उघडतो. रेघेखालची अक्षरे अजून स्वच्छ वाचता येतात. त्या ताईंचा पुन्हा फोन आला नाही आणि मीही केला नाही. मात्र गेल्या महिन्यात एका मंगळवारी, पाऊस नुकता उघडला असताना, एक मध्यम वयाची बाई दोन मैत्रिणींना घेऊन आली. पुतण्या त्या दिवशी एकटाच होता. तिने पाटी वाचली, आत जाऊन दोन्ही शेगड्या पाहिल्या आणि केळ्याच्या भज्यांच्या तीन प्लेटी मागवल्या. पैसे देताना ती म्हणाली, "आम्हाला एका मावशींनी सांगितले होते, तिथे जा, पण आधी आत जाऊन पाहा."

पुतण्याने मला हे रात्री फोनवर सांगितले. मी विचारले, "वहीत काही लिहिले का तिने?"

"नाही," तो म्हणाला, "पण खाऊन गेल्या."